या महिन्याचं आकाश

लिफ्टवाला पहिल्यांदा आकाश मंडळाच्या बैठकीला गेला, तेव्हा हॉलच्या दारापाशी टेबल मांडून त्याची बायकोच बसली होती. बायको म्हणजे, कायद्याने आता ती त्याची कोणी नव्हती. घटस्फोट होऊन वर्ष होत आलं होतं. पण तिच्यासाठी दुसरा शब्द त्याच्या जिभेवर अजून बसला नव्हता, आणि बसावा अशी त्याची फारशी इच्छाही नव्हती.

तिने मान वर केली. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या अवजारांच्या पिशवीकडे बघितलं.

"लिफ्ट त्या टोकाला आहे," ती म्हणाली. "कालपासून बंद पडलीय. किल्ली खाली ग्रंथपालांकडे मिळेल."

"लिफ्टसाठी नाही आलो."

"मग?"

"आज बैठक आहे ना?"

आत कोणीतरी खुर्च्या उघडत होतं, त्याचा खडखडाट ऐकू येत होता.

"आहे," ती शेवटी म्हणाली. "भिंतीशी खुर्च्या आहेत, एक उघडून घे. आणि पिशवी वाटेत ठेवू नकोस. दिवे घालवले की लोक अडखळतात."

जिना चढताना त्याने मनात दहा प्रकारची उत्तरं जुळवून ठेवली होती. का आलास, कशाला आलास, आता कसं सुचलं. त्यातलं काहीच तिने विचारलं नाही. तो मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.

ही बैठक त्याला ऐकून ऐकून पाठ होती. दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, सार्वजनिक वाचनालयाचा वरचा हॉल. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती या मंडळाची सभासद झाली होती, आणि तेव्हापासून त्या शनिवारी ती खांद्याला पिशवी अडकवून दारात थांबायची. "येतोस?" ती विचारायची. "तू जा. आज फार दमलोय," तो म्हणायचा. कधी "पुढच्या वेळी बघू" म्हणायचा. दमलेला असायचा हे खरंच होतं. शहरभरच्या लिफ्ट त्याच्या गळ्यात. सुट्टीच्या दिवशीही कुणी ना कुणी कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असायचंच. पण न जाण्याचं दुसरंही एक कारण होतं. तिथे सगळी शिकलीसवरलेली माणसं असणार, कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारणार, आपण तोंडात मारल्यासारखे उभे राहणार आणि तिला खाली बघायला लागणार. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. तशा त्याने तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या नव्हत्या.

गंमत म्हणजे, त्यांचं जमलं होतं ते त्याच्या बोलण्यावरूनच. ती हॉस्पिटलात सोनोग्राफी करायची. एकदा तिथल्या जुनाट लिफ्टमध्ये ती एकटीच अडकली. आतला दिवाही गेलेला. तो पोचला तेव्हा ती आतून दारावर नुसत्या थापा मारत होती. बिघाड वेळखाऊ होता. मदतनीसाला वर मशीनपाशी पाठवून तो बंद दारासमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि बोलायला लागला. "बाई, वर पाच दोर आहेत. एक तुटला तरी चार राहतात. सगळे तुटले तरी ब्रेक आहे. घाबरायचं कारण एकच, मी गायला लागलो तर." आतून हसू ऐकू आलं. मग त्याने तिला आपल्या बहिणीच्या धुलाईच्या दुकानाचं सांगितलं. तिथे गिऱ्हाइकांच्या खिशांत काय काय सापडतं ते सांगितलं. एकदा खिशात कवळी सापडली, आणि मालक आठवडाभर तोंड मिटून शोधत होता. दार उघडलं तेव्हा ती घामाने निथळत होती, पण हसत होती. त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "असे दिसता होय तुम्ही!"

वर्षाच्या आत लग्न झालं. "मी आवाजाशी लग्न केलंय," ती त्याच्या ताईला म्हणायची. आणि तोच आवाज घरात आला नि मुका झाला. दिवसभर तो अडकलेल्या माणसांशी बोलायचा. घर म्हणजे जिथे बोलावं लागत नाही अशी जागा, असं त्याचं साधं गणित. तिच्याबरोबर गप्प बसण्यात त्याला खरोखर सुख वाटायचं, आणि तिलाही वाटत असणार असं तो धरून चालला. भांडण म्हणावं असं त्यांच्यात कधी झालंच नाही. मूल झालं नाही, त्याबद्दलही दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. फक्त एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मी एक जागा बघितलीय. भाड्याने. पुढच्या महिन्यापासून तिकडे राहीन म्हणते."

घास त्याच्या हातातच राहिला. काहीतरी विचारायला हवं हे त्याला कळत होतं.

"कितव्या मजल्यावर?" त्याने विचारलं.

"चौथ्या."

"लिफ्ट आहे?"

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं पाणी राहिलं नाही. त्याला उठावंसं वाटलं. पण तो ताटासमोरच बसून राहिला.

ती गेल्यावर घरात जी शांतता झाली ती काही निराळीच निघाली. आधीची शांतता दोघांची होती, हे त्याला तेव्हा उमगलं. आणि सगळ्यात जास्त त्याला काय आठवावं, तर दुसऱ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळचं तिचं स्वयंपाकघरातलं बोलणं. बैठकीत 'या महिन्याचं आकाश' हा भाग तिच्याकडे असायचा. कुठला ग्रह कुठे दिसेल, चंद्र कधी कुणाच्या जवळून जाईल, हे दहा मिनिटांत सांगायचं. त्याची ती घरी तालीम करायची. कढईत उलथनं फिरवत म्हणायची, "आणि पूर्वेला, अंधार पडल्यावर, गुरू आपली वाट बघत असेल." तो बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसलेला असायचा. तिचा आवाज मोठा झाला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. आता तीच दहा मिनिटं ऐकायला तो दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात होता.

ताईला हे कळलं तेव्हा तिने इस्त्री बाजूला ठेवून कपाळाला हात लावला. "अरे, लोक बायकोला टाळायला घटस्फोट घेतात. तू घटस्फोट घेऊन दर महिन्याला तिला भेटायला जातोस! लग्नात कधी एवढा जात होतास का?"

"भेटायला नाही. आकाशासाठी."

"हो, आकाश बघायला तू छप्पर असलेल्या हॉलमध्ये जातोस," ताई म्हणाली आणि पुन्हा इस्त्रीला लागली. थोड्या वेळाने मान वर न करताच तिने विचारलं, "बरी आहे ना ती?"

मंडळ तसं लहानच होतं, वीस-पंचवीस डोकी. अध्यक्ष जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान. एका कानाने ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्यांशी वादळात बोलल्यासारखे बोलत. एक दातांचे डॉक्टर होते. मंडळातली सगळ्यात मोठी दुर्बीण त्यांची, आणि तिला हात लावण्याआधी ते समोरच्याचे हात तपासत. वर्षा-दोन वर्षांतून एकदा उगवून खूप प्रश्न विचारून जाणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे धूमकेतू म्हणत. हॉलचे पडदे जुने होते आणि मधली फट काही केल्या मिटत नसे. त्यामुळे पडद्यावर कुठलाही फोटो लावला की त्यावर रस्त्याच्या दिव्याची पिवळी रेघ उमटायची. "ती रेघ आपल्या मंडळाची," कप्तान नव्या माणसाला ओरडून सांगत. "दीर्घिकेची नाही!"

लिफ्टवाला शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरायचा. तिथून ती बोलताना बाजूने दिसायची. केस तिने आता कापले होते. चष्मा बदलला होता. कागद नसायचाच हातात. हाताने हवेत क्षितिज आखायची आणि त्यावर एकेक ग्रह नेमका ठेवायची. बोलताना ती कधीच शेवटच्या रांगेकडे बघत नसे. बैठक संपल्यावर तो खुर्च्या मिटायला मदत करायचा. ती कप गोळा करायची. "ताई कशी आहे?" "बरी आहे." "बस मिळेल ना?" "मिळेल." एवढ्या बोलण्यावर त्याचा महिना जायचा. बसमध्ये तो ते चार शब्द फिरवून फिरवून बघायचा, एखादा सुटा भाग कुठे बसतो ते बघावं तसा.

पुढे पुढे मात्र त्याला खरंच गोडी लागली. हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात उशिरा आलं. लिफ्टची मशीन असते इमारतीच्या डोक्यावर, त्यामुळे निम्मा दिवस त्याचा गच्च्यांवरच जायचा. इतकी वर्षं गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि कबुतरांची घाण. आता संध्याकाळचं काम आवरल्यावर तो पाचेक मिनिटं कठड्यापाशी थांबायला लागला. पहिली चांदणी कुठे फुटते ते बघायला लागला. जिला जन्मभर चांदणी म्हणत आलो ती शुक्र आहे, आणि ती तारा नाहीच, याचं त्याला एवढं नवल वाटलं की त्याने अडकलेल्या एका शाळामास्तरांना दारातूनच ते सांगितलं. मास्तर आतून म्हणाले, "मला माहीत आहे, पण तुम्ही दाराचं बघा."

असं करता करता दुसरं वर्ष उलटत आलं. एका बैठकीत ती म्हणाली, "या महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला बुध आहे. सूर्य बुडाल्यावर अर्धा-पाऊण तास, अगदी क्षितिजालगत. मी दरवर्षी तुम्हाला मोठ्या तोंडाने सांगते, बुध बघा. खरं सांगू? मी स्वतः तो अजून बघितलेला नाही. पश्चिमेकडे कधी ढग, कधी धूर, आणि माझ्या खिडकीतून तर हॉस्पिटलची टाकीच दिसते."

लोक हसले. कप्तान म्हणाले, "मी समुद्रावर शंभरदा बघितलाय!" दातांचे डॉक्टर म्हणाले, "कप्तान, तो दीपगृहाचा दिवा असेल." पुन्हा हशा झाला. हशा ओसरत असताना शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. आजवर तो हात कधीच वर आला नव्हता.

"मी गच्ची बघतो," लिफ्टवाला म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "म्हणजे, पश्चिम मोकळी असलेली. माझ्याकडे गच्च्या खूप आहेत."

सगळी डोकी मागे वळली. तिनेही त्या दिवशी पहिल्यांदा बोलता बोलता शेवटच्या रांगेकडे बघितलं.

पुढचे दिवस त्याने गच्च्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी समोर जाहिरातीचा फलक होता. दुसरीकडे नवी इमारत उठत होती. तिसऱ्या जागी सगळं मनासारखं, पण वर जायच्या शिडीवर कप्तानांचा गुडघा टिकला नसता. शेवटी गोदामांच्या वस्तीकडची एक उंच इमारत सापडली. तिच्या पश्चिमेला सगळी बुटकी गोदामं, त्यांच्यापलीकडे माळ, आणि मग थेट आकाशाची कड. व्यवस्थापक त्याच्या ओळखीचा होता, तो लगेच हो म्हणाला. या सगळ्या शोधात लिफ्टवाला रोज बरोबर त्या वेळेला गच्चीवर असायचा आणि बुध तिथे असणारच होता. पण सूर्य बुडाला की तो पाठ फिरवून खाली उतरायचा. तिने बघायच्या आधी आपण बघायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

ठरलेल्या गुरुवारी दुपारपासूनच आभाळ भरून आलं. चार वाजता कप्तानांचा फोन आला, "रद्द! सगळ्यांना कळवलंय. ढगात काय बघणार?" दातांच्या डॉक्टरांकडे कुणाची तरी दाढ ठणकत होती. धूमकेतू तर यायचा प्रश्नच नव्हता. तरीही लिफ्टवाला जाऊन इमारतीच्या दाराशी थांबला. का थांबला, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. साडेसहाच्या सुमाराला ती रिक्षातून उतरली. गळ्यात दुर्बीण, दोन्ही डोळ्यांना लावायची, लहान.

"कप्तानांनी कळवलं नाही?" त्याने विचारलं.

"कळवलं. म्हटलं बघू तरी."

लिफ्टमध्ये दोघंच होते. ती दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "आवाज करत नाही ही," बाराव्या मजल्याशी ती म्हणाली.

"परवाच तेल दिलं."

गच्चीवर वारा होता. पश्चिमेला ढगांचा जाड थर होता, पण खाली क्षितिजाशी एक लांबट पट्टी मोकळी होती, तांब्याच्या रंगाची. सूर्य त्या पट्टीतून दिसला आणि गोदामांच्या छपरांना लाली लावून बुडाला. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. मध्ये आणखी एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून.

"मी हे शहर सोडतेय," ती म्हणाली. "किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात मोठी जागा मिळालीय. महिनाअखेरीला जाईन. पुढच्या बैठकीला मी नसेन."

आणि पुन्हा तेच. जेवणाच्या ताटावरचं तेच. काहीतरी विचारायला हवं होतं.

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. "विचार की, कितव्या मजल्यावर."

"का?" तो म्हणाला.

"काय का?"

"का जातेयस. आणि तेव्हा का गेलीस. तेव्हा विचारायचं होतं. विचारलं नाही."

तिने पुन्हा पट्टीकडे मान वळवली. त्याला वाटलं, उत्तर मिळणार नाही. आपण न मिळण्याजोगंच वागलोय.

"तेव्हा," ती म्हणाली, "घरात मी बोलायला लागले की मला माझाच आवाज परत ऐकू यायचा. रिकाम्या खोलीत येतो तसा. एकटीने राहून तो आला तर त्याचं काही वाटणार नाही, असं वाटलं. खरंच वाटत नाही."

"आणि आता?"

"आता तू ऐकतोस." ती थांबली. "मी बघत नाही तुझ्याकडे, पण मला कळतं. माझी दहा मिनिटं असतात ना? कप्तान दर वेळी घड्याळ दाखवतात. तू यायला लागल्यापासून ती पंधरा झाली, मग वीस. तुला नाही कळलं?"

त्याला कळलं नव्हतं. त्याला ती दहा मिनिटं नेहमी कमीच वाटत आली होती.

"मग जायचं कशाला?" तो म्हणाला.

"तेवढ्याचसाठी. शनिवार झाला की मी पुढचा शनिवार मोजायला लागले. आज कुठला वार, अजून किती दिवस राहिले. तुझ्या घरात सोळा वर्षं मी हेच केलं, तू कधी बोलशील त्याची वाट बघत बसले. महत्प्रयासाने ती सवय सुटली होती. आता पुन्हा लागायला लागली, आणि मला तिची भीती वाटते." तिने दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "तुझ्यावर राग नाही. राग असता तर सोपं गेलं असतं."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. गच्चीगच्चीवर पाठ फिरवल्याचं सांगायचं होतं. टीव्हीचा आवाज वाढवायचो त्याबद्दल सांगायचं होतं. शिकलेल्या माणसांची धास्ती होती, तेही. तो तोंड उघडणार तेवढ्यात तिने त्याचा दंड घट्ट पकडला.

"ते बघ! ढगाच्या खाली. त्या उंच धुराड्याच्या डावीकडे."

त्याने बघितलं. आधी काही दिसेना. मग तांबूस उजेडात एक बारीक ठिपका दिसला, गुलाबीकडे झुकणारा, विझू की राहू असं करत असलेला. एवढासा. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो एवढासा.

"हाच का?"

"हाच. दुसरं कोणी असूच शकत नाही तिथे." ती दुर्बीण डोळ्यांना लावून स्तब्ध उभी राहिली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. मग तिने गळ्यातून पट्टा न काढताच दुर्बीण त्याच्याकडे केली. त्यासाठी त्याला वाकून तिच्या जवळ यावं लागलं. तिच्या केसांना अजून तोच साबणाचा वास होता. दुर्बिणीत ठिपका थरथरत होता. त्याला तो थेंबासारखा वाटला. थोड्याच वेळात खालच्या धुक्याने तो पुसून टाकला. दोघं बघत राहिले, पण तो काही परत आला नाही.

दंडावरचा हात तिने कधी काढला ते त्याला कळलं नाही. काढला हे मात्र कळलं.

"मी येऊ तिकडे?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "एवढ्यात नको."

खाली जाताना ती एकटीच लिफ्टने गेली. मला गच्चीचं कुलूप लावायचंय, असं तो म्हणाला. कुलूप लावायला एक क्षण पुरला असता. पण आकडे एकेक करून खाली उतरताना तो लिफ्टच्या दाराबाहेर उभा राहिला, आणि लिफ्ट तळाला थांबल्याचा आवाज आला तरी तिथेच उभा होता.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी तो बैठकीला जाणार नव्हता. ताईला तसं सांगूनही टाकलं होतं. ताई म्हणाली, "आकाशासाठी जात होतास ना? आकाश तर आहे अजून." टोमणा होता की खरंच म्हणाली, ते त्याला ठरवता येईना. संध्याकाळी पाय आपोआप बसथांब्याकडे वळले.

दारापाशी टेबल होतं, मागे कोणी नव्हतं. आत कप्तान कार्यक्रम वाचत होते. "आता, या महिन्याचं आकाश," ते गरजले आणि सवयीने डावीकडे बघितलं. मग दातांचे डॉक्टर उठले आणि मोबाइलवरून तारखा वाचायला लागले. सगळं बरोबर होतं. नऊ मिनिटांत संपलंही. पिवळी रेघ गुरूच्या फोटोवरून आडवी गेली होती. लिफ्टवाल्याला वाटलं होतं की आपल्याला हे ऐकवणार नाही, उठून जावं लागेल. पण तो कान देऊन ऐकत राहिला. शनी पहाटे पूर्वेला येतोय हे त्याने मनात नोंदवलंसुद्धा. काळजात कळ होती आणि शनीबद्दल उत्सुकताही होती, दोन्ही एकदमच.

खुर्च्या मिटून तो थांब्यावर आला. बाकावर बसला. खिशातून फोन काढला, परत ठेवला. पुन्हा काढला. संसाराच्या सगळ्या वर्षांत फोन नेहमी तिनेच केले होते. त्याला आठवेना की आपण कामाशिवाय तिचा नंबर कधी लावला होता. आज लावला.

"काय झालं?" ती पलीकडून म्हणाली. आवाजात काळजी होती. "ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. काही झालं नाही." त्याने श्वास घेतला. "तू आज काय काय केलंस?"

फोन कट झालाय का ते त्याने कानापासून दूर धरून बघितलं.

"आज?" ती म्हणाली. "आज... सकाळी एक बाई आल्या होत्या. जुळी होती पोटात. पडद्यावर दोन ठोके एकदम दिसले, तर त्यांनी मला विचारलं, मशीन बिघडलंय का." ती हसली. मग सांगत गेली. सोनोग्राफीच्या खोलीला खिडकीच नाही. भाड्याच्या जागेत नळाला खारट पाणी येतं, त्यात डाळ शिजत नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर अंधार इतका असतो, की पहिल्या दिवशी नेहमीचे तारेसुद्धा तिला सापडेनात. गर्दीत ओळखीचा माणूस हरवावा तसं झालं. मध्येच ती थांबायची, तो "मग?" म्हणायचा, ती पुढे बोलायची. त्याची बस आली. चालकाने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, बस गेली.

"इथे मंडळ वगैरे काही नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलातल्या दोघींना सांगितलंय, आपण सुरू करू. मला धरून तिघी. उपाहारगृहाची मागची खोली देतायत."

"दुसरा शनिवार?"

"नाही. चौथा ठेवलाय."

महिन्यातला चौथा शनिवार ही त्याची हक्काची सुट्टी होती. पहिल्यापासून. तो दिवस तो झोपून घालवायचा, आणि ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"खोली तेव्हाच मिळते," ती म्हणाली. थोडं घाईनेच.

"हो, तसंच असतं," तो म्हणाला.

ती तिथे कुठेतरी उघड्यावर उभी असावी. फोनमधून वारा येत होता, आणि त्याच्यामागे संथ, पुन्हा पुन्हा येणारा पाण्याचा आवाज. फोन ठेवायची घाई दोघांनाही नव्हती. लांबून पुढच्या बसचे दिवे वळणावर दिसले. लिफ्टवाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाय बाकावर वर घेऊन नीट मांडी घालून बसला.

"अजून सांग," तो म्हणाला.